फलटणकडचे हंस

डॉक्टर वायचळ आले आणि दारातच उभे राहिले. एरवी चपला काढता काढताच त्यांचं बोलणं सुरू व्हायचं. सरळ अण्णांच्या कामाच्या खोलीत शिरायचे, मी कापून ठेवलेली एखादी लेखणी उचलायचे आणि नखावर टोक दाबून बघायचे. त्या दिवशी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही.

"अण्णा, जरा बाहेर येता?" म्हणाले.

मी नुकतीच वाळूची कढई चुलीवरून उतरवली होती. अण्णांनी हातातली कोरणी खाली ठेवली आणि बाहेर गेले. दोघं फाटकापाशी उभे राहून बोलत होते. म्हणजे डॉक्टर बोलत होते. अण्णा नेहमीसारखे ऐकत होते. आमच्या वडिलांना बोलायला लावणं कोणाला जमायचं नाही. घरी कोणी आलं तर 'या', जाताना 'बरं', यापलीकडे त्यांचं फारसं काही नसायचं. आईशीसुद्धा. "चहा?" असं ती विचारायची आणि ते मान हलवायचे, एवढ्यावर त्या दोघांचा दिवस निघायचा.

मी कढई तशीच टाकून बाहेर गेले.

"पलीकडच्या गावातल्या दोन पोल्ट्र्यांत रोग निघालाय," डॉक्टर मला म्हणाले. "पक्ष्यांचा ताप. वरून हुकूम आलाय. एवढ्या टापूतला एकही पक्षी ठेवायचा नाही. कोंबडी, बदक, काही नाही."

"आमच्या हंसांना काही झालेलं नाही," मी म्हणाले.

"माहीत आहे मला."

"मग?"

ते जमिनीकडे बघत राहिले. हा माणूस जनावरांचा सरकारी डॉक्टर होता आणि इतिहासाचा वेडा होता. आमच्या घरात जे काही चाललं होतं ते त्यांनीच सुरू करून दिलं होतं. पुण्यात त्यांच्यासारख्याच लोकांचं एक मंडळ होतं. कोणी बँकेत, कोणी कॉलेजात, कोणाची औषधांची एजन्सी. सुट्टीच्या दिवशी ही मंडळी जमायची, अंगरखे-पगड्या घालून जुना दरबार भरवायची, पेशव्यांच्या आणि कंपनी सरकारच्या काळातल्यासारखी पत्रं लिहायची, लाखेनं बंद करायची आणि वर अंगठीचा शिक्का उठवायची. सगळं खऱ्यासारखं हवं असायचं त्यांना. अण्णा सोनार. सोन्याचे भाव चढले, तालुक्याला झगझगीत दुकानं आली, तशी त्यांची गिऱ्हाइकं आटली होती. डॉक्टरांनी त्यांना पहिली शिक्क्याची अंगठी करायला लावली. चांदीची, वर सपाट चकती, तीत उलटी अक्षरं कोरलेली. लाखेवर दाबली की सुलटी उमटायची. अण्णांचा हात त्यात असा बसला की पुण्याहून माणसं घर शोधत यायला लागली.

मराठी पत्रांना बोरू चालायचा, पण साहेबी पत्रांना पिसाची लेखणी लागायची, आणि ती माझी बाजू. हंस होतेच. माझ्या आजोळाहून आईनं एक जोडी आणली होती, साप-चोरांपासून राखण म्हणून. त्यांचा आता थवा झाला होता. उन्हाळ्यात त्यांची पंखांची पिसं झडायची. ती मी वेचायची, तापल्या वाळूत खुपसून नळी कडक करायची, चाकूनं खरवडून टोक तिरकं कापायची आणि मधोमध चीर द्यायची. डाव्या पंखाचं पीस उजव्या हाताला बरं बसतं. त्यामुळे दोन्ही पंखांच्या जुड्या मी वेगवेगळ्या बांधून ठेवायची.

लोक त्यांना बदकंच म्हणायचे. आई हंस म्हणायची. नर होता त्याचं नाव मामलेदार, कारण तो छाती काढून चालायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी केल्याशिवाय सोडायचा नाही. माद्यांत कमळी आईची लाडकी.

आणि आई अंथरुणाला खिळली होती. तिच्या पोटात गाठ होती. साताऱ्याच्या मोठ्या डॉक्टरांनी अण्णांना बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता घरीच ठेवा, जे खावंसं वाटेल ते द्या. तिची खाट माजघरात होती. तिथून परस दिसत नव्हता, पण आवाज सगळे यायचे. पडल्या पडल्या ती ओळखायची, "मामलेदार पोस्टमनवर ओरडतोय बघ," किंवा "कमळीला कोणीतरी पाणी ठेवा गं."

"वहिनींना काय सांगायचं?" डॉक्टरांनी विचारलं.

अण्णा म्हणाले, "उद्या मी तिला साताऱ्याला नेतो. पोटाचा फोटो काढायचाय म्हणून."

"बरं."

"तुम्ही स्वतः या. दुसऱ्या कोणाला पाठवू नका."

"मीच येणार आहे," डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाड्याची जीप आली. अण्णांनी आईला उचलून मागच्या सीटवर बसवलं, पाठीला उशी लावली. जीप निघाली तसा मामलेदार कुंपणाच्या कडेकडेनं ओरडत तिच्याबरोबर पळाला. आईनं खिडकीतून हात बाहेर काढला आणि म्हणाली, "येते रे संध्याकाळी."

त्यानंतर डॉक्टर आले. पांढरा प्लॅस्टिकचा अंगभर पोशाख, तोंडाला पट्टी, डोळ्यांना चष्मा. बरोबर तसेच दोघं. त्यांनी गोठ्यामागे खड्डा खणून ठेवला आणि डॉक्टरांनी त्यांना फाटकाबाहेर थांबवलं. हंसांनी डॉक्टरांना ओळखलं नाही. खिशातून बिस्किटं काढून देणारा हाच माणूस, पण त्या पोशाखात बघून सगळे कोपऱ्यात गोळा झाले, माना लांब करून फिसकारायला लागले. डॉक्टर दोन पावलं पुढे गेले आणि थांबले. मग त्यांनी चष्मा काढला, तोंडावरची पट्टी खाली ओढली.

"तसं करू नका," बाहेरून एकजण म्हणाला. "साहेब, परवानगी नाही."

"अरे मामलेदार," डॉक्टर म्हणाले, "मी आहे."

मामलेदार गप्प झाला. मान खाली घेऊन चार पावलं पुढे आला.

मी एकेकाला धरलं. दुसऱ्या कोणाच्या हाती ते लागलेच नसते. मी काखेत घेऊन पंख दाबून धरायची, मान माझ्या दंडावर ठेवायची आणि डॉक्टर सुई टोचायचे. कमळी शेवटची होती. तिचं अंग ऊबदार होतं आणि छातीतली धडधड मला पोटाशी लागत होती. मग ती कमी झाली आणि थांबली. डॉक्टरांनी तिला माझ्या हातातून घेतलं. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि हातमोजे होते म्हणून ते पुसताही येत नव्हतं.

सगळं झाल्यावर म्हणाले, "शैला, पिसंही द्यावी लागतील."

"ती तर जुनी आहेत. गेल्या उन्हाळ्यातली."

"सगळी. कापलेल्या लेखण्यासुद्धा."

मी आत जाऊन सगळ्या जुड्या आणल्या. पुण्याच्या मंडळासाठी तयार केलेल्या लेखण्या कागदात गुंडाळून ठेवल्या होत्या, त्याही आणल्या. त्यांनी रॉकेल ओतून पेटवलं. केस जळल्याचा वास येतो तसा वास आला. खड्डा बुजवला, वर पांढरा चुना पसरला. खुराडी धुतली, तिथेही चुना मारला. जाताना डॉक्टर फाटकापाशी वळले, पण मी आत निघून गेले होते.

आई संध्याकाळी परत आली. अण्णांनी तिला खाटेवर ठेवलं. ती दमली होती, डोळे मिटून पडली. मग डोळे उघडून म्हणाली, "मामलेदार ओरडला नाही."

अण्णांनी वाक्य वाटेतच तयार करून आणलं असावं. "डॉक्टरांनी नेले," ते म्हणाले. "फलटणकडे. त्यांच्या मेहुण्याचं शेत आहे. इकडे रोग आलाय म्हणून. निवळलं की आणतील."

आईनं त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी पाणी आणायला उठले.

"तळं आहे का तिथं?" तिनं विचारलं.

"आहे," अण्णा म्हणाले. आणि थोडं थांबून, "मोठं आहे."

"मग बरं झालं. इथं त्यांना मनासारखं पोहायला कुठं मिळायचं."

मला वाटलं, विषय संपला. पण दुसऱ्या दिवशी दुपारच्या चहानंतर आईनं हाक मारली, "अहो, डॉक्टरांचा काही निरोप?" अण्णा काम सोडून आले, स्टुलावर बसले.

"आला. बरे आहेत."

"खातात का?"

"खातात."

"काय घालतात?"

अण्णांनी भिंतीकडे बघितलं. "मका," ते म्हणाले. "मेहुण्याची बायको मका भिजवून घालते."

रोज असं चालायला लागलं. आई विचारायची आणि अण्णांना काहीतरी जोडावं लागायचं. मेहुण्याच्या बायकोला नाव मिळालं, सरूबाई. शेतावर एक कुत्रा होता, मामलेदारानं त्याच्या शेपटीला चावा घेतला, तेव्हापासून तो ओसरी सोडत नाही. ऊस तोडायला आलेल्या बायका तळ्याशी धुणं धुवायला येतात आणि मामलेदार त्यांच्या साबणावर पहारा देतो. हे सांगताना आई हसली. तिला हसताना पोटात कळ यायची म्हणून ती हातानं पोट धरायची, तरी हसली. अण्णा तिच्याकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांना हाक मारावी लागली नाही.

आमचे अण्णा. ज्यांच्या तोंडून मी आयुष्यात सलग चार वाक्यं ऐकली नव्हती, ते तिच्या खाटेशी बसून हातवारे करून सांगायला लागले. अंगठ्या द्यायला पुण्याला गेले की परतल्यावर "येताना वाट वाकडी करून फलटणला जाऊन आलो" म्हणायचे आणि मग तासभर तिथलं सांगायचे. कामाच्या खोलीत बसले तरी त्यांचा हात मध्येच थांबायचा. एकदा मला हळूच विचारलं, "शैले, हंसांची अंडी किती दिवसांत उबतात?"

"महिनाभर लागतो," मी म्हणाले. "का?"

"काही नाही. कमळी बसलीय."

मला ते सहन होईना. माझे हात रिकामे झाले होते. पुण्याहून फोन यायचे, लेखण्या कधी देता, आणि मी 'पिसं नाहीत' म्हणून फोन ठेवायची. ज्या कमळीचा जीव माझ्या अंगाशी गेला होता ती अण्णांच्या तोंडून फलटणला अंड्यांवर बसली होती. आणि आई, जिच्यापाशी थोडेच दिवस उरले होते, ती हे सगळं खरं मानून ऐकत होती.

एक दिवस डॉक्टर आले. हंसांना मारल्यापासून पहिल्यांदाच. आईनं त्यांना माजघरात बोलावलं. ते खाली मान घालून बसले. आईनं विचारलं, "सरूबाई काय म्हणतात?"

डॉक्टरांना सरूबाई कोण ते माहीत नव्हतं. त्यांनी अण्णांकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता हा माणूस सगळं सांगून टाकणार.

"अहो, त्या तर कामात असतील," आईच पुढे बोलली. "तुम्ही फक्त निरोप द्या. म्हणावं, मामलेदाराला भात जास्त घालू नका, लठ्ठ होतो. आणि तुम्हालाही सांगते डॉक्टर, तुमचे उपकार झाले. दुसऱ्या कोणाच्या हाती गेले नाहीत हे बरं झालं."

डॉक्टर उठून उभे राहिले, हात जोडले आणि चहा न घेता गेले.

त्या संध्याकाळी मी अण्णांना गाठलं. ते अंगठी घासत होते.

"हे बंद करा," मी म्हणाले. "ती मरायला टेकलीय आणि आपण तिच्याशी खोटं बोलतोय. तिचे हंस होते ते. तिला रडायचा तरी हक्क आहे."

"तिला एवढंच उरलंय," अण्णा म्हणाले.

"उरलेलं खोटं आहे."

ते अंगठी घासत राहिले. माझ्याशी ते पहिल्यासारखेच होते. मी म्हणाले, "मग मीच सांगते," आणि माजघरात गेले.

आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी खाटेशी बसले. "आई, तुला एक सांगायचंय. हंसांचं."

"नको सांगूस," ती म्हणाली.

"पण तुला माहीत नाही..."

"शैले, मी शेतकऱ्याची पोर आहे. परसात चुना मारलाय, त्याचा वास साताऱ्याहून आले त्या दिवशीच मला आला. हंस दुसरीकडे नेले तर चुना कशाला मारतील? आणि तुझी वाळूची कढई त्या दिवसापासून चुलीवर चढलेली नाही. हंस फलटणला गेले, पण पिसं तर इथेच असायला हवी होती ना."

मला रडू फुटलं. तिनं माझ्या केसांतून हात फिरवला. तिची बोटं अगदी हलकी झाली होती.

"तूच धरलं होतंस का त्यांना?"

मी मान हलवली.

"कमळीलाही?"

"तिलाही."

"घाबरली का?"

"नाही."

"बरं झालं," आई म्हणाली आणि तिनं डोळे मिटले. डोळ्यांच्या कडांतून पाणी उशीवर उतरत होतं. मग तिनं पदरानं तोंड पुसलं.

"मग रोज विचारतेस कशाला त्यांना?" मी म्हणाले. "मामलेदार कसा आहे, सरूबाई काय म्हणते..."

"लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी वाट बघतेय, हा माणूस कधीतरी माझ्याजवळ बसून बोलेल. वाईट माणूस नाही गं. कधी हात उगारला नाही, कधी काही कमी पडू दिलं नाही. पण बोलले नाहीत कधी. मला वाटायचं, माझ्याशी बोलण्यासारखं त्यांना काही सुचतच नसेल. आणि आता बघ. ती सरूबाई, तो कुत्रा, त्या ऊसतोडणीच्या बायका. एवढं सगळं त्यांच्या पोटात होतं, मला काय ठाऊक." तिनं माझा हात धरला. "हंस गेले ते गेले. हे तरी राहू दे. त्यांना सांगू नकोस मला कळलंय म्हणून. परत गप्प बसतील."

मी उठून बाहेर आले. अण्णांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "नाही सांगितलं." त्यांनी पुन्हा अंगठी घासायला घेतली.

कमळी अंड्यांवर बसून महिना उलटून गेला. आईनं एकदाही म्हटलं नाही की एवढे दिवस लागत नाहीत. अण्णा कधी अवकाळी पाऊस पडून गारठा झाला म्हणून सांगायचे, कधी कमळी मध्येच उठून गेली आणि पुन्हा पहिल्यापासून बसली. चैत्र सरत आला होता. आईला आता पाणीही चमच्यानं द्यावं लागत होतं. एका दुपारी अण्णा स्टूल अगदी खाटेला भिडवून बसले आणि म्हणाले, "आज पिल्लं बाहेर आली."

आईनं डोळे उघडले.

"पाच आहेत. पिवळीधमक. कमळी कोणाला जवळ येऊ देत नाही. मामलेदार लांब उभा राहून बघतोय, त्याला काय करावं ते समजत नाहीये."

"तुम्ही हातात घेतलंत?" आईनं विचारलं. ओठाशी कान नेल्याशिवाय ते ऐकूही येत नव्हतं.

"एक घेतलं. असं." अण्णांनी दोन्ही हातांची ओंजळ करून तिच्यापुढे धरली. त्या रिकाम्या ओंजळीकडे ती बघत राहिली. मग तिनं एक बोट उचललं आणि त्यांच्या तळहातावर हळूच फिरवलं, पिल्लाच्या पाठीवरून फिरवावं तसं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली.

अण्णा पुन्हा होते तसे झाले. डॉक्टर वायचळांची बदली झाली, नंतर त्यांचं येणं थांबलं. अंगठ्यांची कामं मात्र बरीच वर्षं येत राहिली. मी पुन्हा हंस पाळले नाहीत. माझं लग्न होऊन मी कऱ्हाडला आले, आणि नजर अधू होऊन अण्णांना काम करणं अशक्य झालं तेव्हा त्यांना माझ्याकडे घेऊन आले. दिवसभर ते ओट्यावर बसायचे, जाणाऱ्यायेणाऱ्याला मान हलवायचे.

गेल्या वर्षी पेपरात बातमी आली, कुठेतरी पुन्हा तो रोग निघाला होता. मी तो पेपर घडी घालून आत नेत होते तर अण्णा म्हणाले, "राहू दे. मघाशी तुझ्या पोरीनं वाचून दाखवलं."

मी त्यांच्याशेजारी बसले. समोरच्या घरासमोर कोणीतरी सायकल धूत होतं.

"मी तिला फसवलं, शैले."

"अण्णा..."

"जन्मभर तिच्याशी बोललो नाही. बोललो ते शेवटी, आणि तेही सगळं खोटं. जाणाऱ्या माणसाला असं फसवू नये. तू तेव्हा सांगत होतीस."

त्यांचे हात मांडीवर पालथे पडले होते. मला आईचं बोलणं आठवत होतं, आणि इतकी वर्षं मी ते पाळलं होतं. पण ज्याच्यासाठी पाळलं तो माणूस त्याच ओझ्याखाली असा बसलेला मला बघवेना.

"तिला माहीत होतं," मी म्हणाले.

त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं. त्यांना मी धूसरच दिसत असणार.

"काय माहीत होतं?"

"सगळं. हंस मेले ते. फलटण नाही, सरूबाई नाही. चुन्याच्या वासावरून कळलं तिला. साताऱ्याहून आलात त्याच दिवशी."

अण्णांनी विचारलं, "म्हणजे मी सांगत असताना... मनात हसायची का गं मला?"

"नाही. वाट बघायची. दुपारचा चहा झाला की कूस बदलून दाराकडे तोंड करून पडायची. तुम्हाला यायला उशीर झाला तर मला विचारायची, अण्णा काय करताहेत बघ."

त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. पुसून झाल्यावरही चष्मा लावला नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

"तिनं नको म्हटलं होतं."

"का?"

"म्हणाली, कळलं तर परत गप्प बसतील."

समोरचा सायकलवाला सायकल पुसून आत निघून गेला होता. अण्णांनी त्या रिकाम्या रस्त्याकडे बघत हळूहळू मान हलवली.

"बसलो असतो," ते म्हणाले.